बागेतली प्रेतवाट

कातालीनने बोलावणं पाठवलं तेव्हा मी चर्चच्या फरशीवर सांडलेलं मेण खरवडत होते. निरोप घेऊन आली ती तिची सून, मिकेला. दारातूनच म्हणाली, "मावशी, सासूबाईंनी बोलावलंय तुम्हाला. कशाला ते मला सांगत नाहीत. मला कधी काय सांगतात म्हणा!"

"काही खाल्लं का तिनं?"

"रस्सा घेतला थोडा. मीठ कमी आहे म्हणाल्या."

मीठ कमी आहे म्हणण्याइतकी ताकद आहे, म्हणजे अजून थोडे दिवस आहेत, असं मी मनाशी धरलं. किल्ल्या कमरेला खोचल्या आणि निघाले.

चर्चची घंटा वाजवायची, मेणबत्त्या सांभाळायच्या, फरशी धुवायची, हे माझं काम. नाव्हाराच्या डोंगरात अशा बाईला सेरोरा म्हणतात. फार पूर्वी माद्रिदहून हुकूम आला होता की सेरोरा मेली की तिच्या जागी नवी नेमायची नाही. उर्रोलेता गावाने तरीही मला नेमलं, फक्त कागदावर 'झाडूवाली' असं लिहिलं. असे हुकूम आम्ही पुष्कळ पाळले आहेत.

आमच्याकडे माणूस घराच्या नावाने ओळखला जातो. कातालीन इतुर्बेल्ट्स घराची. प्रत्येक घराचा चर्चच्या फरशीत एक दगड असतो आणि त्या घरचे मेलेले त्या दगडाखाली असतात. रविवारी पुरुष वर लाकडी माडीवर बसतात. खाली आपापल्या दगडावर घरची बाई बसते, पुढ्यात मेणाची वात लावते, शेजारी पाव ठेवते. दगड बाईचा. आईकडून मुलीला जातो, मुलगी नसली तर सासूकडून सुनेला.

कातालीन उशांना टेकून बसली होती. चेहरा वाळलेल्या नासपतीसारखा झाला होता.

"बस. त्या खुर्चीवर नको, पाय मोडलाय तिचा. बेल्त्रान दुरुस्त करणार आहे, पुढच्या जन्मी." बेल्त्रान म्हणजे तिचा मुलगा. तिनं मिकेलाला हातानेच स्वयंपाकघरात जायला सांगितलं आणि मग म्हणाली, "एस्तेबानी, मला दगडाखाली घालू नका. योआनेसजवळ घाला."

मी पलंगाच्या कडेवर टेकले. हे तिनं म्हणावं! मेलेल्यांना चर्चमध्ये पुरू नका, गावाबाहेर पुरा, हा हुकूम मी लहान असल्यापासून येतो आहे. दर वेळी कुणीतरी पायरीवर उभं राहून तो वाचायचं, आम्ही टोप्या काढून ऐकायचो, आणि पुढचा माणूस मेला की दगड उचलायचो. मग राजाचे हात बांधणारी, कादिसच्या लोकांनी केलेली राज्यघटना दुसऱ्यांदा लागू झाली. त्या वेळी हुकुमाबरोबर बंदूकवालेही आले. चर्चच्या मालकीचं एक कुरण होतं, पेत्रीच्या सफरचंदाच्या बागेपलीकडे. त्याला भिंत घालून तिथे दफनभूमी केली. तेव्हा दोन्ही पाय आपल्या दगडावर रोवून उभी राहिली होती ती हीच कातालीन. "मेंढ्या पुरा बाहेर! आम्ही माणसं आहोत," म्हणून ओरडली होती. आणि तिचाच नवरा योआनेस त्या काळात मेला. बंदूकवाल्यांनी त्याला कुरणात नेलं.

तीन वर्षांनी राजा फ्रेंच फौजेच्या खांद्यावर बसून परत आला आणि राज्यघटना संपली. सुधारणावाल्यांना सगळे 'काळे' म्हणू लागले. दफनभूमीची भिंत पाडून लोकांनी दगड घरी नेले. ज्यांची माणसं तिथे होती त्यांनी ती उकरून चर्चमध्ये आणली. योआनेस तेवढा राहिला.

"बेल्त्रान त्याला आत आणत होता," मी म्हटलं. "तूच नको म्हणालीस."

"तो आत कुठं येणार, एस्तेबानी? घरजावई माणूस. चाळीस वर्षं माझ्या घरात राहिला, पण चुलीजवळची खुर्ची कधी ओढून बसला नाही. मी म्हणायचे, बस की. म्हणायचा, तुझ्या आईची खुर्ची आहे. अरे, आई जाऊन किती वर्षं झाली! ऐकायचा नाही. त्या दगडाखाली माझी आई, माझी आजी, तिची आई. त्या सगळ्यांच्या मधे नेऊन टाकू त्याला? बिचारा तिथंही पाय आखडून पडेल."

"आणि तू?"

"कुरण त्याचं एकट्याचं आहे. पहिल्यांदा त्याला स्वतःची जागा मिळाली. मी कधी सासरी गेलेच नाही बघ. आता जाते." थोडा वेळ डोळे मिटून पडली. "बेल्त्रान ऐकणार नाही. राजाच्या स्वयंसेवकांच्या कंपनीत आहे तो, टोपीला राजाची फीत लावतो. तो दगड उचलायला पहार मागायला येईल तुझ्याकडे. देऊ नकोस."

दगड उचलायची पहार सेरोराच्या ताब्यात असते. मी हो म्हटलं.

तेवढ्यात पेत्री आला. पेत्री हा सागारदी घरचा म्हातारा, इतुर्बेल्ट्सचा पहिला शेजारी. आमच्याकडे घरात कुणी गेलं की पुढचं सगळं पहिल्या शेजाऱ्याने करायचं असतं. निरोप त्याने सांगायचे, प्रेतापुढे क्रूस घेऊन त्याने चालायचं. घरात सख्खा भाऊ असला तरी ते काम भावाचं नाही. त्यामुळे कुणी आजारी पडलं की पहिला शेजारी येऊन बघून जातो. मिकेलाने त्याला सायडर दिलं, सफरचंदाची आंबट दारू.

"कशी आहेस?" पेत्रीने विचारलं.

"तू क्रूस पुसून ठेव," कातालीन म्हणाली. "आणि बागेच्या फाटकाचं कुलूप काढून ठेव. मला कुरणात जायचंय, योआनेसकडे."

पेत्रीने पेला खाली ठेवला. "माझ्या बागेतून नाही."

यात त्याचा दुष्टपणा नव्हता. प्रत्येक घराची प्रेतवाट ठरलेली असते, घरापासून चर्चपर्यंत, आणि प्रेत तिथूनच जातं. नव्या जमिनीवरून एकदा प्रेत गेलं की ती वाट कायमची सगळ्यांची होते. मग तिथे नांगर घालता येत नाही, कुंपण घालता येत नाही. मालकाने कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही.

"योआनेस गेलाच की तिथून," कातालीन म्हणाली. "वाट तेव्हाच पडली."

"ते काळ्यांच्या राज्यात! पुढं बंदुका होत्या. राजानं काय सांगितलंय? त्या तीन वर्षांत जे जे झालं ते झालंच नाही. पायरीवर वाचून दाखवलं, तू नव्हतीस का? प्रेत गेलं नाही, वाट पडली नाही. म्हणून तर मी फाटक लावलं."

"झालंच नाही?"

"झालंच नाही."

"म्हणजे माझा नवरा मेला नाही." कातालीनने मान वळवून दाराकडे पाहिलं. "मग आहे कुठं तो? अंगणात असेल तर हाक मार रे. लाकडं फोडायची राहिलीत."

स्वयंपाकघरात मिकेलाच्या हातून झाकण पडलं. ती हसत होती. पेत्रीचे कान लाल झाले.

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. जायचंच असेल तर गिरणीकडून वळसा घालून जा. राजरस्ता आहे तो, तिथून कितीही प्रेतं गेली तरी कुणाचं काही जात नाही."

"उभी चढण आहे ती. मग पुन्हा ओढा उतरायचा."

"खांदे तुमच्या घरचे. मला काय?"

"क्रूस तुझ्या हातात असेल, पेत्री."

हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. उरलेलं सायडर प्यायला आणि निघून गेला.

घरी जाता जाता मी पाद्रीबाबांकडे गेले. पाद्री एचाइदे शेगडीवर पाय शेकत बसले होते. त्यांनाही थकवा आला होता, निराळ्या तऱ्हेचा. आधी हुकूम होता म्हणून त्यांनी रविवारी लोकांना राज्यघटना समजावून सांगितली होती. मग हुकूम आला म्हणून त्याच जागेवर उभं राहून ती सैतानाची आहे असं सांगितलं. त्यानंतर ते शक्यतो मुक्या प्राण्यांवर दया करा एवढंच सांगायचे.

मी कातालीनचं म्हणणं सांगितलं. त्यांनी शेगडीतले निखारे सारले.

"बाहेर पुरायचा हुकूम मुळात कुणाचा, माहीत आहे का तुला?"

"काळ्यांचा."

"या राजाच्या आजोबांचा. काळ्यांनी तो फक्त पुन्हा काढला. आणि रद्द म्हणशील तर तो कुणीच केलेला नाही. काळ्यांचं ते सगळं रद्द, असं ऐकून गावाने मेलेले आत आणले. मी काय बोलणार होतो?"

"आता बोला की, पाद्रीबाबा. एवढं बेल्त्रानला सांगितलं तरी पुरे."

"आणि त्याच्या कंपनीतले माझ्या खिडक्या फोडायला आले तर काचा तू झाडशील का?"

"झाडीन. कागदावर झाडूवालीच आहे मी."

ते हसले, पण कबूल झाले नाहीत. "घरच्यांनी ठरवावं. मी प्रेतामागं चालेन, कुठं चाललोय ते विचारणार नाही. जमिनीचं म्हणशील, तर तिला आशीर्वाद मीच दिला होता. भिंत पडली म्हणून आशीर्वाद पडत नाही. पण हे मी बोललो असं कुठं सांगू नकोस."

कातालीन एका सकाळी गेली. कुणाला हाक मारली नाही, कुणाला ताटकळत ठेवलं नाही. पेत्री आधी तिच्या मधमाश्यांच्या पोळ्यांकडे गेला, प्रत्येकावर बोटाने टकटक केलं आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "तुमची मालकीण गेली. मेण जास्त करा, तिला उजेड लागेल." मग माझ्याकडे येऊन घंटा वाजवायला सांगितली. डोळे पुसत होता. फाटकाचं कुलूप मात्र काढलेलं नव्हतं.

घंटा थांबते न थांबते तोच बेल्त्रान आला. राजाच्या स्वयंसेवकांच्या कंपनीतले दोघे बरोबर होते. टोपीला पांढरी फीत, चेहरा रडून सुजलेला.

"मावशी, पहार द्या."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? दगड उचलायला."

"तुझ्या आईनं काय सांगितलं होतं ते तुला माहीत आहे."

"आजारी माणूस काहीही बोलतं. मी राजाची फीत लावून फिरणार आणि माझी आई काळ्यांच्या कुरणात, मेंढ्यांत? कंपनीत तोंड कसं दाखवू? बाबा तिकडं आहेत यावरूनच लोक मला ऐकवतात. द्या पहार."

"दगड तुझा नाही, बेल्त्रान. दगड बाईचा. काल तुझ्या आईचा होता, आज मिकेलाचा. तिनं येऊन सांगितलं तर देते."

बरोबरचे दोघे छताकडे बघू लागले. रीत बेल्त्रानलाही माहीत होती. एकाला त्याने मिकेलाला आणायला पाठवलं.

ती येईपर्यंत मी पहारीवर हात ठेवून बसले आणि मला वाटलं, संपलं सगळं. ही पोरगी लग्न होऊन आली तेव्हापासून सासूच्या मागे उघड्या फरशीवर बसत होती. दगडाची वाट बघत होती. आधीच्या मालकिणीला मानाने दगडाखाली ठेवायचं हे नव्या मालकिणीचं पहिलं काम. सगळं गाव बघतं, पुढे कितीतरी वर्षं बोलतं. ते कोण सोडेल? शिवाय नवरा समोर उभा.

मिकेला आली ती कोपरापर्यंत पिठाने माखलेली. अंत्यविधीचा पाव मळत होती.

"सांग मावशींना," बेल्त्रान म्हणाला. "पहार देत नाहीत."

मिकेलाने दगडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नको उघडायला."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. इतकी वर्षं मी त्यांच्यामागं बसले. माझी वात वाकडी, माझा पाव कच्चा, माझं गुडघ्यावर बसणं बदकासारखं. आता कुठं मी तिथं बसणार, आणि त्या माझ्या खाली? हात थरथरेल माझा वात लावताना."

"अगं, ती मेलीय!"

"तुझीच आई. तुला माहीत नाही का ती?"

कंपनीतल्या एकाला हसू आवरेना, तो खांबाआड गेला. मिकेला मात्र हसत नव्हती. हाताचं पीठ चोळून काढत ती हळू म्हणाली, "आणि कुरणात जाऊ दे असं त्यांनी मागितलं होतं माझ्याकडे. परवा. मीठ आण, पाणी आण, असं नाही. मागितलं. कधी मागत नसत त्या."

बेल्त्रान वेदीच्या पायरीवर बसला. टोपी काढून हातात फिरवत राहिला. "मग मी कंपनीत काय सांगू?"

"बायकोनं ऐकलं नाही म्हणून सांग," खांबाआडून तो कंपनीतला म्हणाला. "सगळे समजून घेतील."

दुसऱ्या दिवशी इतुर्बेल्ट्सच्या ठरलेल्या वाटेने कातालीनला चर्चमध्ये आणलं. प्रार्थना झाली. मग शवपेटी पुन्हा खांद्यावर घेऊन बाहेर काढली, तेव्हा जमलेल्या बायकांत कुजबूज झाली, पण पाद्रीबाबा पुस्तकात डोळे घालून मागे चालू लागले आणि कुजबूज थांबली. सगळ्यांत पुढे क्रूस घेऊन पेत्री. त्याच्यामागे पावाची टोपली डोक्यावर घेतलेली मिकेला. मग शवपेटी.

चर्चच्या खाली वाट फुटते. उजवीकडे पेत्रीची बाग, तिचं कुलूपबंद फाटक, आणि झाडांतून पलीकडे दिसणारं कुरण. डावीकडे गिरणीची चढण. पेत्रीने उजवीकडे पाहिलंही नाही. डावीकडे वळला.

सफरचंदं उतरवायचे दिवस होते. चढणीवर बैलगाड्यांनी चिखल केला होता. खांदेकऱ्यांचे पाय घसरत होते. वाटेत पेटी खाली ठेवायची नसते, त्यामुळे पेत्री थांबला की सगळ्यांनी पेटी घेऊन उभं राहायचं. आणि पेत्री थांबू लागला. आधी थोडा, मग जास्त. पहिल्या वळणावर क्रूसाची दांडी चिखलात रोवून त्याने तिच्यावर भार टाकला आणि नुसता श्वास घेत राहिला. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. कातालीनपेक्षा तो वयाने मोठाच.

"पेत्रीकाका, चला," मागून बेल्त्रान म्हणाला. तोही खांदा देत होता. "खांदे तुटले."

"चल म्हणायला काय जातंय!"

"मग क्रूस मला द्या. माझ्या जागी दुसरा येईल."

"तू कोण? मुलगा आहेस तू. मुलगा कधी क्रूस घेतो का? आईच्या प्रेतासमोर अक्कल पाजळू नकोस."

खांदेकऱ्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पेत्रीने वर गिरणीकडे पाहिलं. मग वळून खाली बागेकडे पाहिलं.

"राजाचं काय जातंय," तो म्हणाला. "तो घोडागाडीतून फिरतो."

आणि क्रूस उपटून उतरणीला लागला. क्रूस पुढे असल्याशिवाय प्रेताने हलायचं नाही, म्हणून आम्ही सगळे कडेच्या काट्यांत अंग चोरून उभे राहिलो आणि तो आमच्यामधून, पाद्रीबाबांना धक्का देऊन, शवपेटीला लागून खाली गेला. मग पेटी वळवली. चिखलात ती वळवताना एकाचा जोडा तिथेच राहिला.

फाटकापाशी त्याने सदऱ्याच्या आतून किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं, लवकर निघेना.

"मी परवानगी देत नाही," तो आमच्याकडे पाठ करून म्हणाला. "काळ्यांचं खरं म्हणत नाही. कुणाचंच म्हणत नाही. मला दम लागलाय."

फाटक उघडलं. फांद्या फळांनी वाकल्या होत्या, शवपेटीला घासत होत्या. टोपली सांभाळत मिकेला वाकून चालत होती. एक-दोन सफरचंदं पेटीवर पडली, घरंगळून गवतात गेली.

कुरणात मेंढ्या होत्या, त्या हाकलल्या. योआनेसच्या कडेचा खड्डा सकाळीच खणून ठेवला होता. पाद्रीबाबांनी प्रार्थना भरभर म्हटली, पण सगळी म्हटली. मिकेलाने पाव ठेवला, वात लावली. वारा होता, वात टिकेना. तिने ती तीनदा लावली आणि चौथ्यांदा शालीआड धरून बसून राहिली. बेल्त्रानने स्वतःच्या हातांनी माती लोटली. टोपी त्याने फाटकाबाहेरच कुणाकडे तरी ठेवायला दिली होती.

परतताना पेत्री फाटकाजवळ थांबलेला होता. लोक त्याच्या समोरून एकेक करून बाहेर पडले. कुणी आभार मानले नाहीत, ते बरं दिसलं नसतं. शेवटी आम्ही राहिलो.

बेल्त्रान म्हणाला, "काका, लावून घ्या फाटक. कुणी काही म्हणणार नाही. मी सांगतो सगळ्यांना."

"काय सांगतोस? सगळं गाव चालून गेलं." पेत्रीने क्रूस माझ्या हातात दिला. "उद्यापासून गिरणीला जाणारी गाढवंसुद्धा इथूनच जातील. सफरचंदं खात जातील."

त्याने फाटक दोन्ही हातांनी धरलं आणि बिजागऱ्यांवरून उचलायला लागला. एकट्याने ते उचलेना. बेल्त्रान पुढे होऊन दुसरं टोक धरायला गेला.

"जपून, खिळा आहे तिथं," पेत्री म्हणाला. "फाटक डुकरांच्या खोपटाला उपयोगी पडेल. लाकूड चांगलं आहे."

दोघं फाटक घेऊन वर पेत्रीच्या घराकडे निघाले, म्हातारा पुढे, बेल्त्रान मागे. मी क्रूस खांद्याला लावला आणि घंटेला उशीर होतोय म्हणून फाटकाच्या मोकळ्या जागेतून चर्चकडे निघाले.